मशीनचे मार्क

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत शिव्या खाल्ल्या, आडगावी बदल्या सोसल्या, एका मोर्चात डोकं फोडून घेतलं. त्यातलं काही मनाला लागलं नाही. हे मात्र लागलं. निवृत्तीनंतर लोक विचारतात, "साहेब, एखादी भारी केस सांगा ना," तेव्हा मी दरोड्याचं काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. ही केस जुन्या कॉम्प्युटरची होती. ती सांगायची तर स्वतःच्या घरातलं सांगावं लागतं.

तेव्हा मी कात्रजच्या बाजूच्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली होती आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर मोबाइल हरवलेल्यांची रोजची रांग लागली होती. तेवढ्यात फोन आला. नाव न सांगता कुणीतरी म्हणालं, "त्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या मॅडमनी मार्कांत घोटाळा केलाय. बघा जरा." आणि फोन ठेवला. शाळा आणि मार्क हे दोन शब्द एकत्र ऐकल्यावर आमच्या अंमलदाराने स्टेशन डायरीत 'गुणपत्रिकांमधील फेरफाराबाबत माहिती' अशी नोंद ठोकून दिली. परीक्षांचे दिवस जवळ आले होते, त्यामुळे मीही कान टवकारले.

दुपारी शाळेच्या संस्थेचे सेक्रेटरी स्वतःच फिर्याद द्यायला आले. गाव महापालिकेत गेलेलं, जमिनींना भाव आलेला, त्यामुळे माणसाचा आवाज खोलीपेक्षा मोठा. मी विचारलं, "किती मुलांचे मार्क वाढवले बाईंनी?"

"पोरांचं न्हाय ओ साहेब, मशिनींचं!"

मी अंमलदाराकडे बघितलं, अंमलदाराने छताकडे बघितलं.

मग हळूहळू उलगडा झाला. शाळेत ड्रॉइंग आणि अॅनिमेशनचा नवा वर्ग सुरू करायचा होता. नवे कॉम्प्युटर परवडणारे नव्हते. खराडीच्या आयटी कंपन्या जुनी मशीन विकून टाकतात, ती बुधवार पेठेतल्या दुकानांत येतात. तिथून मशीन घ्यायचं ठरलं आणि निवड या मॅडमवर सोपवली. आता जुन्या मशीनमध्ये दम किती उरलाय ते बाहेरून दिसत नाही. त्यासाठी बेंचमार्क नावाचे प्रोग्रॅम असतात. हा प्रोग्रॅम प्रोसेसरला आणि ग्राफिक्स कार्डाला काही वेळ मरेस्तोवर राबवतो, पडद्यावर चित्रं गरगर फिरवतो, आणि शेवटी एक आकडा दाखवतो. आकडा मोठा तर मशीन दमदार. बाजारात या आकड्याला सरळ 'मार्क' म्हणतात. मॅडमनी चांगले मार्क पडलेली मशीन निवडली होती. शाळेत आणल्यावर ती ड्रॉइंगचा प्रोग्रॅम उघडला की गोठून जायची.

"बाईनं दुकानदाराकडनं कमिशन खाल्लं हाय," सेक्रेटरी म्हणाले. "माज्या पुतण्यानं घरनं परोग्राम आणून लावला तर मार्क निम्मं बी पडंनात. मंग ह्या बाईनं काय बगितलं तितं?"

संस्थेने मॅडमना निलंबित केलं होतं. बरीच वर्षं तासिका तत्त्वावर राबून बाई नुकत्याच कायम झाल्या होत्या. गुन्हा दाखल झाला असता तर ती नोकरी गेलीच असती, आणि त्याच गावात त्या राहत असल्यामुळे चोर हा शिक्का जन्माचा लागला असता.

मी गुन्हा लगेच दाखल केला नाही. आधी चौकशी करू म्हटलं आणि मॅडमना दुसऱ्या दिवशी जबाबासाठी बोलावलं. चाळिशीच्या बाई, सुती साडी, खांद्याला पर्स घट्ट धरलेली. दारातून आत आल्या, माझ्याकडे बघितलं आणि जागीच थबकल्या. महिला शिपायाने खुर्ची पुढे केली तेव्हा बसल्या.

"दुकानात मार्क कसे तपासलेत?"

"मालकांनी माझ्यासमोर प्रोग्रॅम चालवला. मार्क चांगले पडले. मी पडद्याचा फोटो काढून घेतलाय."

"मालकाचं नाव काय?"

"बिलावर दुकानाचं नाव आहे."

"मी मालकाचं नाव विचारतोय, मॅडम."

त्या गप्प. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचत बसल्या. मी पुन्हा विचारलं तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला शोधायला अवघड नाही जाणार, साहेब."

माझा अनुभव असा की खरा माणूस आधी चिडतो आणि मग भडाभडा बोलतो. या बाई चिडल्या नाहीत आणि बोलल्याही नाहीत. जबाबावर सही करायला उद्या पुन्हा या, असं सांगून मी त्यांना पाठवलं आणि हवालदाराला म्हटलं, "पाणी मुरतंय कुठेतरी. दुकानावर जाऊन या."

हवालदार जुने, माझ्याबरोबर दोन ठाण्यांत काम केलेले. संध्याकाळी परत आले ते टोपी हातात घेऊनच उभे राहिले.

"काय झालं? दुकान बंद होतं का?"

"नाही, उघडं होतं."

"मग मालक भेटला का नाही?"

"साहेब, तुम्हीच एकदा चला."

"अहो, पण झालं काय?"

"तुम्ही चला साहेब," एवढंच. मला राग आला. हवालदाराने साहेबाला कोडं घालायचं म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. बुधवार पेठेतला चिंचोळा जिना, वर खोलीवजा दुकान, भिंतीला टेकवून रचलेली जुनी मशीन. समोरच्या भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी तेवढ्याच मोठ्या चौकटीत माझा फोटो. अंगात वर्दी, गणेशोत्सवाचा बंदोबस्त, हातात आरतीचं तबक. खाली लाल अक्षरांत 'आमचे मार्गदर्शक'. आणि फोटोत माझ्या खांद्यावर हात टाकून हसणारा माणूस फोटोच्या खालीच खुर्चीत बसला होता. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आमचे दाजी.

"अरे, या या, साहेब!" दाजी उठले. "चहा सांगा रे साहेबांना."

दाजींनी कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. एका मित्राच्या दुकानात वेळ घालवायला जातो, असं ते घरी सांगायचे. दुकान मित्राच्या नावावर होतं आणि धंदा दाजींचा. जिन्यात हवालदार उभे होते, त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना.

कसाबसा म्हणालो, "दाजी, ते मार्काचं काय असतं, दाखवा बघू."

त्यांना वाटलं मी कौतुकाने विचारतोय. खिशातला पेन ड्राइव्ह काढून त्यांनी एका मशीनला लावला. चित्रं फिरली, आकडा आला. "बघ, आहे की नाही जोरात?" मी म्हटलं, पुन्हा लावा. पुन्हा तोच आकडा. शेजारचं मशीन दाखवून म्हटलं, याला लावा. तिथेही तोच, शेवटच्या अंकापर्यंत तोच.

मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. पण कोर्टाच्या पायऱ्या झिजवून साक्षीदार कळतात. खरा साक्षीदार दर वेळी थोडं वेगळं सांगतो. एकदा म्हणेल शर्ट निळा होता, एकदा म्हणेल निळसर. पढवलेल्या साक्षीदाराला कितीही वेळा विचारा, कानामात्रा बदलत नाही. हा प्रोग्रॅम मला पढवलेला वाटला.

हवालदारांना वर बोलावलं. शेजारच्या दुकानांतून दोन पंच घेतले आणि पेन ड्राइव्ह आणि दोन मशीन पंचनामा करून ताब्यात घेतली. दाजी आधी हसत होते.

"माझ्या दुकानाचा पंचनामा? घरी तुझ्या ताईला काय सांगू?"

"जे झालं ते सांगा," मी म्हणालो. माझा आवाज माझाच मला ओळखू येईना.

ठाण्यात येऊन तडक वरिष्ठांच्या केबिनमध्ये गेलो, नातं सांगितलं आणि तपास माझ्याकडून काढून घ्या म्हणालो. त्यांनी तो एका महिला उपनिरीक्षकांकडे दिला. पोरगी हुशार. मी पढवलेल्या साक्षीदाराचं बोललो तर तिने त्या पेन ड्राइव्हची सायबरवाल्यांकडून जशीच्या तशी नक्कल करून आणली आणि ती आमच्या ठाण्यातल्या कॉम्प्युटरला लावली. हा कॉम्प्युटर असा की एक अक्षर उमटेपर्यंत फिर्यादीचा राग शांत होतो. ग्राफिक्स कार्ड म्हणून वेगळं काही त्यात नाहीच. त्यालाही तेवढेच मार्क पडले!

"साहेब, आपलं मशीन बोर्डात आलं," हवालदार म्हणाले. सगळे हसले. मलाही हसू आलं असतं, दाजी कुणा दुसऱ्याचे असते तर.

सायबरवाल्यांनी मूळ, शुद्ध प्रोग्रॅम शाळेतल्या मशीनवर चालवला. मार्क निम्म्याहून कमी आले आणि दर वेळी थोडे मागेपुढे झाले, जसे खऱ्या मशीनचे होतात. कार्डं खोलून बघितली तर आणखी एक प्रकार निघाला. हलक्या, जुन्या कार्डांच्या आतली माहिती पुसून त्यावर भारी कार्डाचं नाव चढवलेलं होतं. मशीनला नाव विचारलं तर खोटं नाव सांगणार आणि काम दिलं तर खोटे मार्क दाखवणार. बिचाऱ्या मॅडमनी दोन्ही तपासलं होतं.

दाजींना चौकशीला बोलावलं. मी शेजारच्या खोलीत बसलो होतो, मधलं दार अर्धं उघडं. शिपायांनी साहेबांचे दाजी म्हणून त्यांना चांगली खुर्ची दिली, चहा दिला, एकाने पंखाही त्यांच्याकडे वळवला. उपनिरीक्षक बाई विचारत होत्या आणि दाजी एकच पालुपद लावून बसले होते, "ते मी माझ्या मेव्हण्याशी बोलतो. तुम्ही कशाला त्रास घेता?"

आमच्याकडे बहिणीचा नवरा म्हणजे घरचा जावई. तो आला की आपण उठायचं, त्याला पाट द्यायचा, वाकून नमस्कार करायचा. माझी हयात त्यात गेली. मी आत गेलो तेव्हा दाजींनी सवयीने पाय थोडे पुढे केले.

"दाजी, त्या खुर्चीतून उठा."

"काय?"

"उठा. बाकावर बसा. आणि बाई विचारतात त्याचं उत्तर द्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, बाकावर बसले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले. मी हात पाठीमागे बांधून तिथेच उभा राहिलो. त्यानंतर दाजी बोलले. प्रोग्रॅम कुणाकडून बदलून घेतला, कार्डांवर नावं कशी चढवली, सगळं. बाईंनी विचारलं, "एकाही गिऱ्हाइकाने संशय घेतला नाही?"

"फोटो लावल्यापासून कुणी मशीन उघडून बघा म्हणालंच नाही," दाजी म्हणाले. हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.

गुन्हा दाजींवर दाखल झाला. ताईचा फोन आला, "माझ्या कुंकवाला बाकावर बसवलंस ना? भाऊबीजेला येऊ नकोस." मी गेलो नाही. तिचं दुःख मला कळतं, पण त्या बाबतीत मला पश्चात्ताप नाही.

मॅडमचं निलंबन संस्थेने मागे घेतलं. सेक्रेटरी म्हणाले, "जाऊ द्या, झालं गेलं गंगेला मिळालं." ज्यांचं गेलं त्यांना कोण विचारतो! मला राहवेना. एका रविवारी साध्या कपड्यांत मी मॅडमच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, क्षणभर तशाच उभ्या राहिल्या आणि मग या म्हणाल्या.

"मॅडम, त्या दुकानदाराशी माझं नातं आहे. त्याबद्दल माफी मागायला आलोय."

"कळलं मला ते. पण गुन्हा तुम्ही नाही केलात."

"तुम्ही पहिल्याच दिवशी सगळं का सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगायचं होतं, साहेब? तुम्हालाच?" आवाज अजिबात चढला नव्हता. "मला थोडंफार कळतं मशीनमधलं. मी एरवी उघडून बघितलंच असतं. तुमचा फोटो बघितला आणि म्हटलं, पोलिसांचं दुकान दिसतंय, इथे कशाला कोण फसवेल. मग ठाण्यात आले तर जबाब घ्यायला फोटोतलेच साहेब. मला वाटलं, आता मला अडकवून हे प्रकरण मिटवणार."

मी मान खाली घातली.

"जबाबाला बोलावलंत त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं, म्हणून निर्धास्त आले. नंतर तुम्ही पुन्हा सहीसाठी बोलावलंत ना, तेव्हा मुलीला सांगून निघाले. म्हटलं, संध्याकाळपर्यंत आले नाही तर मामाला फोन कर, आणि साहेबांचं नाव सांग." त्या उठल्या. "चहा घेणार ना?"

घेतला.

या केसने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर सांगतो. मॅडम गप्प होत्या तेव्हा मी म्हणालो होतो की पाणी मुरतंय, आणि ते माझ्याच घराच्या भिंतीत मुरत होतं. गप्प माणूस काहीतरी लपवतो असं आम्ही धरून चालतो. तो आपल्यालाच घाबरला असेल, असं आमच्या मनातही येत नाही. चोरांनी मला घाबरावं म्हणून मी आयुष्यभर मिशी राखली. आणि शाळेतली एक सरळ बाई आपल्या लेकीला माझं नाव पाठ करून देऊन माझ्या ठाण्यात आली होती. याची मला लाज वाटते.