पडद्यांना जुळणारा निळा

डेटिंगच्या ॲपवर मी तोंड नाही, मी रंगवलेलं चित्र लावलं होतं. धाकटी बहीण म्हणाली, "अगं ताई, माणूस शोधतेस की गिऱ्हाईक?" मी म्हटलं, गप गं, या वयात हे तोंड बघून कोण येणार आगरदांड्याला!

आणि तो आला ना. म्हणजे आधी मेसेजमध्ये आला. हरिहरेश्वरला पर्यटकांसाठी त्याच्या खोल्या होत्या, घरात एकटाच होता. "या लालवरून नजर हटत नाही," असं त्यानं लिहिलं आणि मी मेलेच. चित्रात ना माणूस ना झाड, नुसते रंग, मधोमध लाल. त्याचा मेसेज आला की मी त्यावर आणखी एक थर चढवायची, सुरीनं खरवडायची, पुन्हा चढवायची. दिवसा शाळेत पोरांना फुलदाणी काढायला लावायची आणि घरी येऊन हे धंदे. लाज? कसली डोंबलाची लाज! मला तो हवा होता.

एका रविवारी तो दिघीहून फेरीबोटीनं आला. मी केस रंगवले होते, कोलंबीचं कालवण केलं होतं. बोटं चाटून जेवला. मग चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला. त्यानं खिशातून मोजायची टेप काढली.

"समुद्राकडच्या खोलीत पलंगाच्या वर अगदी बसेल बघा. जोडपी येतात ना. फक्त लाल जरा कमी करता येईल? पडदे निळे आहेत."

मेल्या! असं ओरडायला हवं होतं. टेप हिसकावून खाडीत फेकायला हवी होती. मी विचारलं, "कसा निळा?"

"पडद्याचा फोटो पाठवतो," म्हणाला आणि संध्याकाळच्या बोटीनं गेला.

बहीण फोनवर खवळली. "ताई, देऊ नकोस. तुझा जीव आहे त्यात." तिला काय सांगू? चित्र न्यायला तो पुन्हा येणार होता. तेवढ्यासाठी मी लालवर निळा चढवला, कडेकडून आत, रडत रडत, लाल पुरता बुडेपर्यंत.

न्यायला टेम्पो आला. ड्रायव्हर एकटाच होता. त्यानं चित्र चादरीत गुंडाळलं, दोरी आवळली.

मी मेसेज केला, "पडद्यांना जुळलं का?" त्यानं नुसता अंगठा पाठवला. बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत बसले. मग लिहिलं, "बाकीच्या खोल्यांचे पडदे कुठल्या रंगाचे आहेत?"