कडंसाहेब आणि नापास बटाटे

आमच्या घरात बटाटा शिजत नसे. कुणाचा नवस नव्हता की पथ्य नव्हतं. कारण एकच, माझे वडील बंदरावर बटाटे तपासायचे.

त्या काळी देशात खाल्ला जाणारा बहुतेक बटाटा जहाजातून यायचा. जहाज लागलं की बाबा दर खेपेतून पंचवीस बटाटे उचलायचे आणि एकेक करून पितळी कड्यावर ठेवायचे. कड्यावर बसला तो पास, आरपार पडला तो नापास. पाचापेक्षा जास्त पडले की अख्खी खेप परत. हमाल त्यांना ‘कडंसाहेब’ म्हणत. त्यांना ते मनातून आवडायचं असं माझं मत आहे, पण त्यांनी कधी कबूल केलं नाही.

‘‘तपासनीसाच्या घरातून बटाट्याचा वास आला तर लोक काय म्हणतील?’’ ते आईला विचारायचे.

‘‘विकत आणलाय म्हणून सांगायचं.’’

‘‘आणि पावती काय दारावर चिकटवू?’’

विषय संपला. एकदा एक बटाटा गडगडत त्यांच्या डब्याच्या पिशवीत शिरला आणि घरापर्यंत आला. हा माणूस भर उन्हात पायी बंदरावर परत गेला. रखवालदार म्हणाला, ‘‘असू द्या हो साहेब, एक बटाटा तो काय!’’ पण बाबांनी बटाटा त्याच्या हवाली केला आणि मिळाल्याची सही वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर घेतली. तो कोपरा अजून आमच्या ट्रंकेत आहे.

माझं आणि आईचं म्हणाल, तर आम्ही दर बुधवारी शेजारच्या शिंपीणकाकूंकडे कपड्यांची मापं द्यायला जायचो आणि पोटभर बटाटे खाऊन यायचो. काकू शिवता शिवता आम्हाला सोलायला बसवायच्या. आम्हा दोघींची मापं इतकी भराभर कशी बदलतात, याचं बाबांना फार नवल वाटायचं.

मग एका वर्षी जहाजं यायची थांबली. पलीकडच्या देशांनी आपला माल आपल्यापुरता ठेवला. आमचं सरकार म्हणालं, काही हरकत नाही, आपलं आपण पिकवू आणि आपलंच खाऊ. रिकाम्या बंदरावर कडं घेऊन बसलेल्या बाबांना सरकारने उचललं आणि एका आडगावच्या खरेदी केंद्रावर बसवलं. आधी गावोगाव फिरून बटाटा लावा म्हणून सांगायचं, पीक आलं की तपासून घ्यायचं. ते गाव नेमकं माझ्या आत्याचं. आत्या बाबांहून सात वर्षांनी मोठी आणि आवाजाने सत्तर वर्षांनी.

‘‘तुझ्या शब्दावर लावते हं,’’ ती म्हणाली होती. ‘‘नाहीतर दरवर्षीचं पीक काय वाईट होतं माझं?’’ आणि तिने सगळंच्या सगळं शेत बटाट्याला दिलं. तिचं बघून आणखी दहा घरांनी लावलं.

पीक आलं तेव्हा मी कॉलेजच्या सुट्टीत आत्याकडे गेले होते. बाबा मात्र केंद्राच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाकावर झोपायचे. ज्याचा माल तपासायचा त्याच्या घरी राहायचं नाही असा नियम होता. आत्याने डबा पाठवला, तो त्यांनी न उघडता परत केला. आत्या त्या दिवशी कुणाशी धड बोलली नाही.

बटाटे भरपूर आले होते, पण अंड्याएवढे. त्यात एकही सरळ नाही. कुणाला नाक फुटलेलं, कुणाला टेंगूळ. माल आणायच्या दिवशी रांगेत पहिली आत्या. बाबांनी पंचवीस उचलले. खाली पत्र्याचं घमेलं होतं, त्यात टण टण आवाज होत राहिला. बावीस पडले.

‘‘नापास,’’ बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले.

‘‘कोण? मी की बटाटे?’’

‘‘अक्का, हे घर नाही.’’

‘‘घर असतं तर एव्हाना कान पिळला असता तुझा.’’

‘‘अगं, नियम आहे. कड्यातून गेला की नापास.’’

‘‘कड्यातून गेला म्हणजे पोटात जात नाही का रे?’’

रांग खदाखदा हसली. पण संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा घरांचा माल लाल शिक्का घेऊन परत गेला, आणि मग कुणी हसेना. तिकडे रेडिओवर रोज देशी बटाटा खाण्याचं आवाहन चाललेलं, आणि शहरातल्या दुकानांत बटाट्याचं पोतंसुद्धा नाही. इकडे आत्याच्या माजघरात छतापर्यंत बटाटे. खाटा अंगणात काढलेल्या. उकाडा वाढत होता. तीन आठवड्यांत मोड येणार आणि वर्षाची मेहनत मातीमोल होणार, हे आत्यालाही कळत होतं आणि बाबांनाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाण्याची कळशी घेऊन शेडमध्ये गेले, तर बाबा पोती शिवायची सुतळी कड्याला आतून गुंडाळत होते. दोन वेढे घातले आणि एक बटाटा ठेवून बघितला. बसला. तेवढ्यात मी दिसले. चोरी करताना पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी सुतळी उलगडली आणि परत नीट गुंडाळी करून ठेवली.

‘‘राहू द्या ना बाबा तशीच.’’

‘‘तीस वर्षं ज्यांची जहाजं परत पाठवली, त्यांना काय सांगू?’’

‘‘ते कुठे विचारायला येणार आहेत?’’

‘‘ते नाही येणार. मी विचारीन ना.’’

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. कुणाची बाजू घ्यावी ते कळेना, म्हणून घरी जाऊन सगळं आत्याला सांगितलं. आत्या पाच मिनिटं गप्प बसली. हे मी स्वतः पाहिलं म्हणून लिहिते, नाहीतर तिला ओळखणारा कुणी विश्वास ठेवणार नाही. मग म्हणाली, ‘‘नापास बटाट्यांचं पुढे काय करायचं, तेही असेलच की त्याच्या पुस्तकात.’’

सकाळी ती शेडमध्ये हजर झाली. कमरेवर झाकलेलं पातेलं, मागे दहा घरांतली माणसं. पातेलं तिने दाणकन टेबलावर ठेवलं.

‘‘घमेल्यातले बटाटे रात्रीच उचलून नेले होते मी. माझेच होते. आता तुझं पुस्तक काढ. नापास नमुन्याचं काय करायचं?’’

बाबांना पुस्तक काढायची गरज नव्हती. ‘‘नियम चाळीस. नापास नमुना अधिकाऱ्यासमक्ष नष्ट करावा.’’

‘‘बंदरावर काय करायचास?’’

‘‘समुद्रात टाकायचो.’’

‘‘इथे समुद्र आहे?’’

‘‘नाही.’’

‘‘कसा नष्ट करावा ते लिहिलंय?’’

बाबांनी आता मात्र पुस्तक काढलं. पुढून वाचलं, मागून वाचलं. ‘‘नाही लिहिलं.’’

‘‘मग बघ.’’ आत्याने झाकण काढलं. उकडलेले बटाटे, वर मीठ. एक उचलून तिने सालासकट तोंडात टाकला. ‘‘एक नष्ट झाला. लिहून घे. एवढे काही मला एकटीला नष्ट व्हायचे नाहीत. चल, हात लाव.’’

बाबा बटाट्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. पास माल खाल्ला तर लाच. नापास मालाला किंमतच नाही, तर लाच कशी होईल? त्यांनी एक बटाटा उचलला, फुंकला आणि खाल्ला. तीस वर्षांतला पहिला.

त्यांनी दुसरा घेतला, मग तिसरा. डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, ‘‘गरम आहे.’’ एव्हाना पातेलं पार निवलं होतं. बावीसपैकी तेरा त्यांनी एकट्याने नष्ट केले. चौदा केले असं आत्या म्हणते, पण ती मोजण्यात कधीच धड नव्हती.

मग त्यांनी हात धुतले, पुसले आणि अहवालाचा कागद ओढला. त्यात आकार होता, वजन होतं, रंग होता, पास-नापास होतं. चवीला जागाच नव्हती. बाबांनी पट्टी घेतली आणि कडेला एक नवा रकाना आखला. वर लिहिलं ‘चव’. खाली लिहिलं ‘उत्तम’. त्यांच्या हस्ताक्षरात हा शब्द मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, माझ्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा नाही. शेराही होता: ‘माल कड्याप्रमाणे नापास. कडं जहाजाच्या मालासाठी बनवलेलं आहे. या मालाला ते लावणं माझी चूक.’

वरून खरमरीत पत्र आलं. नियमबाह्य रकाना का आखला याचा खुलासा करावा, आणि पडताळणीसाठी नमुने पाठवावेत. बाबांनी उकडून पाठवले, मीठ वेगळ्या पुडीत. चार दिवसांनी दुसरं पत्र: पडताळणी अपुरी, आणखी नमुने पाठवावेत. तिसऱ्या पत्राबरोबर मालमोटारी आल्या. देशी मालाला कडं लावू नये असा हुकूम होता. आत्याच्या माजघरातल्या खालच्या थराला तोवर कोंब फुटले होते, पण बाकीचा सगळा माल गेला. त्या दिवशी तिने पाठवलेला डबा बाबांनी रिकामा करून परत केला.

महिन्याभराने आत्या आमच्या घरी आली ती बटाट्यांची पिशवी घेऊनच. बाबांनी आधी तिच्या हातावर पैसे ठेवले, पावती लिहून घेतली, आणि मगच पिशवी स्वयंपाकघरात जाऊ दिली.

‘‘आज आपल्या घरात पहिल्यांदा बटाटा,’’ ते गंभीरपणे म्हणाले आणि पाट घेऊन आमच्यासमोर बसले. ‘‘तुम्हा दोघींना सवय नाही. सावकाश सोला, हात कापाल.’’

मी आणि आई सोलायला बसलो. बाबा बघत होते. आईच्या हातून साल एका लांबलचक पट्टीसारखी न तुटता खाली उतरली. माझीही उतरली. दुसरा, तिसरा, चौथा. बाबांनी दोघींच्या साली उचलून उजेडात धरल्या. तीस वर्षांचा तपासनीस तो.

‘‘बुधवारी?’’ त्यांनी विचारलं.

आईने मान खाली घातली. ‘‘बुधवारी.’’

आत्या तोंडाला पदर लावून हलत होती. बाबांनी साली परत ताटात ठेवल्या.

‘‘तरीच,’’ ते म्हणाले, ‘‘एवढी मापं देऊन घरात नवा कपडा म्हणून कधी आला नाही.’’ मग एक बटाटा उचलून माझ्यापुढे धरला. ‘‘शिकव मला.’’