सूपभर कोंडा

भाऊ गेल्यापासून उधन्याच्या आमच्या खोलीत रोज कुणी ना कुणी येऊन बसतं. चहा होतो. मग कुणीतरी विचारतं, "कोर्टात काय म्हणाला होता रे तो?" झालं! रडायला आलेली माणसं हसायला लागतात. मला राग येतो. आणि पुढचा किस्सा मीच सांगतो.

प्लेगच्या वर्षी वहिनी गेली. आम्ही दोघंही भाऊ कापडाच्या लूमवर. लहानग्या कोंड्याला बघणार कोण? भाऊनं त्याला बालगृहात ठेवलं, थोडे दिवस म्हणून. पुढं कोर्टाचा कागद आला. बालगृहाचं म्हणणं, बापानं पोराला टाकलंय, बापाचा हक्क काढा, पोर दत्तक देऊ!

*

पहिल्या तारखेला भाऊचं नाव पुकारलं. लूमच्या खडखडाटात आम्हाला ओरडूनच बोलायची सवय. भाऊ असा गरजला की जजसाहेब दचकलेच.

"हळू बोल, मी बहिरा नाही."

"तुम्ही नाही साहेब, मी आहे!"

*

पोराला भेटायला का गेला नाहीस, असं साहेबांनी विचारलं. बालगृहात भेट फक्त रविवारी. आमच्या कारखान्याची सुट्टी शुक्रवारी. भाऊ दर शुक्रवारी जायचा, वॉचमन आत सोडायचा नाही, मग फाटकातूनच केळी देऊन यायचा.

"रविवारी खाडा करायचा होतास!"

"खाडा केला तर शेठ काढून टाकतो, साहेब. मग केळी कशाची नेऊ?"

*

समोरच्या वकिलानं विचारलं, "मुलाचं नाव कोंड्या असं का ठेवलं?"

भाऊनं खरं ते सांगितलं. आधीची दोन पोरं जगली नाहीत. म्हणून हा जन्मताच शेजारच्या सखूमावशीच्या ओटीत टाकला, आणि सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून परत घेतला. आमच्या खानदेशात असंच करतात, पोर जगतं.

"म्हणजे मूल विकलं होतं?"

"विकलं म्हणजे विकलंच की! त्याशिवाय परत कसं घेणार?"

आमच्या वकिलानं डोकं धरलं. बाहेर येऊन म्हणाला, "अरे भाई, आ शुं बोल्यो! हे काय बोलून बसलास!" मी त्याच्या अंगावर धावलो. भाऊनंच मला आवरलं.

*

एका तारखेला बाकावर बारडोलीचं एक जोडपं शेजारी बसलं होतं. बाई भली वाटली. भाऊनं तिला चहा पाजला, कोंड्याचं सगळं सांगितलं. तो कुणाचा तरी कान धरल्याशिवाय झोपत नाही, हेसुद्धा. बाई पदरानं डोळे पुसत होती.

कोंड्याला दत्तक मागणारे तेच, हे आत गेल्यावर कळलं. मी चिडलो, "कशाला सांगत बसलास त्यांना?"

भाऊ म्हणाला, "बरं झालं ना. कान द्यायचा, हे तिला कळलं."

*

निकाल लागला. वकिलानं समजावलं, "आजपासून कायद्यानं तू त्याचा बाप नाहीस."

"मग तो कुणाचा?"

"आता कोर्ट ठरवेल त्याचा."

भाऊ घरी येऊन सखूमावशीकडं गेला.

दुसऱ्या दिवशी कामावर आलाच नाही. मी शोधत कोर्टात पोचलो. जजसाहेब गाडीतून उतरत होते. समोर भाऊ उभा. धुतलेला शर्ट, दोन्ही हातांत मावशीचं सूप. आणि लूमवरच्या आवाजात ओरडला,

"साहेब, कोंडा आणलाय!"