गंगेच्या वाळूत रुतलेली गाडी

मंडळी, आज आईला वाळूवर नेलं.

आई मूळची दापोलीकडची. गुडघे गेल्यापासून ती व्हीलचेअरवर आहे. लखनौहून कोकणात जाणं आता तिला झेपत नाही. "एकदा वाळूत पाय ठेवायचेत," एवढंच म्हणायची. म्हणून सकाळी लेकीलाही घेऊन इंदिरा नगरच्या घरून निघालो आणि गंगाकाठ गाठला. व्हीलचेअर वाळूत चालेना, तेव्हा फोर बाय फोर गाडीच थेट आत घातली. रुतू नये म्हणून टायरमधली हवा कमी केली होती, तरी पाण्याच्या अलीकडे मी ब्रेक दाबला आणि चाकं रुतली.

"पापा, अब क्या करें?" लेक घाबरली.

"आधी मला उतरवा, गाडी हलकी होईल," आई म्हणाली.

तिला उचलून वाळूवर बसवलं. आम्ही दोघं चाकांपुढची वाळू हातांनी उपसत होतो आणि आई पाय वाळूत खुपसून, नदीकडे बघत, स्वतःशीच हसत होती.

अखेर लो गिअरमध्ये गाडी हळूहळू बाहेर आली. लेकीने टाळ्या वाजवल्या.

आईचा मात्र चेहरा उतरला. "निघाली पण? इतक्यात?"

मी इंजिन बंद केलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो.

तुमच्या घरातलं कोणी असं छोटंसं काही कधीपासून मागतंय?