बादलीनानांच्या तीन बादल्या

कुठलंही पॅड हातात आलं की बादलीनाना ते आधी गालावर फिरवायचे. ग्रॅनाइटला शेवटची चकाकी आणणारी ती तळहाताएवढी, बारीक दाण्याची पॅडं. त्यांत एखादा जाड कण अडकला, तर आरशासारख्या ओट्यावर चरा उमटतो. बोटांना न लागणारा कण त्यांच्या गालाला लागायचा. "हाय एक बसलेला," म्हणायचे, आणि पॅड बादलीत. त्या गालावर ओरखडे कायमचे असत. आम्ही हसायचो. मीही.

शीळफाट्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये आमचा दगडाचा कारखाना होता. नव्वदीचा काळ. घोडबंदर रोडला इमारती उठत होत्या आणि प्रत्येक स्वयंपाकघराला काळा ओटा हवा होता. मी सुपरवायझर. नाना कळव्याकडचे, मिठागर बुजलं तेव्हा आमच्याकडे आले. काम एकच, कारागिरांची पॅडं साफ करणं.

त्यांच्या तीन बादल्या असत. पहिलीत दगडाचा चिखल सुटायचा, दुसरीत साबण आणि जुना टूथब्रश, तिसरीत नितळ पाणी. मग बोथट झालेलं पॅड मऊ विटेवर चार हात घासायचं आणि सावलीत तारेवर वाळवायचं. उन्हात कधीच नाही, पाठीचा गोंद सुटतो. नानांच्या हातचं पॅड दुप्पट टिकायचं. घाई केली की म्हणायचे, "सायेब, पानी निवळायला येल लागतं. मीठ काय नि पॅड काय."

एका मे महिन्यात टँकर दिवसाआड झाला. कारखान्याचे शेठ म्हणाले, पाणी फक्त दगड कापायला आणि घोटायला. धुण्याला थेंब नाही. उपाय मीच शोधला. कॉम्प्रेसरचा पाइप नानांच्या हातात दिला.

"हवा मारा आणि मोकळे व्हा, नाना."

"आनि धूल जाईल कुठं?"

"शेडच्या बाहेर."

"तिथं मी बसतो ना, बाला." मग पाइपाकडे बघत म्हणाले, "चिखल पायाला लागला तं धुता येतो. उडालेली धूल कुठं धुशील?"

"नाना, हे मिठागर नाही!" मी सगळ्यांदेखत म्हणालो. कारागीर हसले. नानांनी पाइप घेतला.

पावसाळ्यात टँकर पूर्ववत झाला, पाइप मात्र राहिला. काम लवकर उरकत होतं ना! शेडमागच्या त्या कोपऱ्यात दिवसभर पांढरा धूर उभा असायचा आणि आत नाना. भुवया, पापण्या, कानांवरचे केस, सगळं पिठासारखं. हवेनं पॅडाच्या तोंडावरचा चिकट थर निघायचा नाही, त्यामुळे पॅडं उलट लवकर संपू लागली. नाना मला एकेक पॅड आणून दाखवायचे. मी मान हलवायचो. त्याच सुमारास मी माझं टेबल काचेच्या केबिनमध्ये हलवून घेतलं. कागदांवर धूळ बसते, असं कारण दिलं होतं. कारण कागदांचं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी नाना फाटकापासून कोपऱ्यापर्यंत चालताना दोनदा थांबू लागले. "दम गिळायला लागतं," म्हणायचे. नंतर आलेच नाहीत.

एका दुपारी त्यांची मुलगी फाटकाशी आली. टीबीची औषधं चालू होती आणि गुण येत नव्हता. "डॉक्टरांनी विचारलंय, बाबांच्या कामावर धूळ होती का? बाबा म्हणाले, सुपरवायझरांना विचार, ते सांगतील."

शेठ माझ्या मागेच उभे होते. मी म्हणालो, "धूळ कसली? तीन बादल्या असायच्या त्यांच्याकडे. सगळं पाण्याचं काम."

तिने विश्वास ठेवला. वर "थँक्यू" म्हणाली.

महिन्याभराने मी भेटायला गेलो. नाना उशीला टेकून बसले होते, झोपलं की श्वास अडायचा. मी खिशातून एक पॅड काढून दिलं, का कोण जाणे. त्यांनी ते गालावर फिरवलं. बराच वेळ. मग माझ्याकडे पाहिलं.

"धुतलेलं नाय," म्हणाले.

मुलीला मी काय सांगितलं, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात ते गेले. टीबीनेच गेले, असं त्यांच्या घरात आजही म्हणतात.

ते पॅड नंतर मुलीने मला परत दिलं. घरी आणून मी ते तीन पाण्यांतून काढलं, सावलीत वाळवलं. अजूनही माझ्या कपाटात आहे; गालाला लावायचं धाडस झालेलं नाही. तिचा प्रश्न मात्र तिथेच राहिला आहे, म्हणून आज उत्तर लिहितो.

होती, बाई. धूळ होती. आणि पाइप मी दिला होता.