फोन बापाला आला नव्हता

माणिकभाऊ गेल्याची बातमी आली तेव्हा मी गडचिरोलीच्या दवाखान्यात डोळ्यावर पट्टी बांधून पडलो होतो. मोतीबिंदू काढला होता. फोन सुनेने घेतला. ती फक्त "हो का... कधी..." एवढंच म्हणाली आणि मला कळलं. डॉक्टरीणबाईंनी सकाळीच बजावलं होतं की डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही. आलंही नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा दुःख झालंच नाही, भीती वाटली. आता वनिता येईल आणि मला तिच्यासमोर बसावं लागेल, ही भीती. वनिता म्हणजे माणिकभाऊंची एकुलती एक मुलगी.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी काळा चष्मा लावून गेलो. कुरखेड्याजवळच्या त्यांच्या गावात अंगणात ताडपत्री टाकली होती. त्रिशरण झालं आणि माणसं बोलायला उठली. माणिकभाऊ झाडीपट्टीचे मोठे नट, त्यामुळे बोलणारे पुष्कळ. त्यांच्याबरोबर खलनायकाचं काम केलेला एक म्हातारा नट उठला आणि प्रेमानेच म्हणाला, "स्टेजवर असा बाप झाडीत झाला नाई. पण घरच्या पोरीनं हाक मारली, तवा भाऊ नाटकातच गुतून राह्यले. कलावंताचं जिनं असंच रायते." माना हलल्या. गावात हे वाक्य वर्षानुवर्षं बोललं गेलं आहे, फक्त त्या दिवशी ते माईकवर आलं. वनिता बायकांत मागे बसली होती. तिने मान वर केली नाही. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी माणिकभाऊंच्या आवाजाविषयी चार चांगले शब्द बोललो आणि बसलो. ते वाक्य खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे जगात मला एकट्याला माहीत होतं.

आमच्याकडचं न पाहिलेल्यांना थोडं सांगावं लागेल. धान निघालं की झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. सासरी गेलेल्या लेकी येतात, जावई येतात, सोयरे येतात, एकेका घरात जेवणाच्या पंगती उठतात, आणि रात्री मंडपात नाटक असतं. मी शाळेत मास्तर होतो आणि वडशाच्या एका नाटक मंडळीसाठी नाटकं लिहायचो. मंडळीचा कारभारही माझ्याकडेच होता. कोणत्या गावाला कोणता खेळ, गाडी कधी निघणार, कोणाची समजूत काढायची, हे सगळं. मंडईच्या दिवशी मुख्य नट आला नाही तर त्या गावाची पाहुण्यांसमोर लाज जाते. असं झालेल्या मंडळीला लोकांनी मंडपातच कोंडून ठेवल्याचं मी पाहिलं आहे. पुढे आजूबाजूची गावंही त्या मंडळीला बोलावत नाहीत.

माणिकभाऊंसाठी मी एक नाटक लिहिलं. त्याचं नाव लिहायची आज इच्छा नाही. गोष्ट साधी होती. गावचा गुंड एका धानकऱ्याची मुलगी पळवतो, बाप कुऱ्हाड घेऊन निघतो, एकेकाला लोळवत तिच्यापर्यंत पोहोचतो. माणिकभाऊ दिवसा चिखलात धानाचे पऱ्हे लावणारा माणूस, अंगाने बेताचा, पण कुऱ्हाड खांद्यावर टाकून ते शांतपणे विचारायचे, "माई पोर कुठी हाये, एवढंच सांग." मंडपातलं लहान पोरदेखील रडायचं थांबायचं. गुंड मेला की लोक ओरडायचे, "अजून एक डाव मार त्याले." आणि खलनायकाला पुन्हा उठून पुन्हा मरावं लागायचं. मेकअप उतरवताना तो कुरकुरायचा, "भाऊ, मी एकदाच मरतो असं ठरलं होतं ना गा." माणिकभाऊ म्हणायचे, "लोकायचं मन भरत नाई, तर तुले काय होते? मर चुपचाप." सकाळी बाया आपल्या मुलींना त्यांच्या पाया पडायला घेऊन यायच्या.

वनिताला त्यांनी गडचांदूरला दिलं होतं. नवरा चुनखडीच्या खाणीवर ठेकेदाराकडे होता. आई नसलेली मुलगी, सासरचं काही सांगायची नाही. त्या हंगामात ती मंडईला आली नाही, तेव्हा माणिकभाऊ म्हणाले, "जावयाले सुट्टी नसन." त्यांच्या घरी फोन नव्हता. फोन मंडळीच्या ऑफिसात, माझ्या टेबलावर. एके दुपारी तो वाजला. गाडीत सामान चढत होतं, संध्याकाळी आरमोरीकडच्या एका मोठ्या गावात खेळ होता.

"काका, मी वनिता. बाबाले सांगा, मले घ्याले या म्हणा. आजच निंगा म्हणा. मी स्टँडवर येऊन बसतो."

"काय झालं बाई?"

"ते बाबाले सांगन. तुमी फक्त निरोप द्या."

मी म्हणालो, "देतो." आणि ठेवला. तेवढ्यात माणिकभाऊच दारात आले. हातात मिशीचा डबा. विचारलं, "कोनाचा फोन होता मास्तर?"

मी म्हणालो, "पार्टीचा, आजच्या गावचा. खुर्च्या वाढवल्या म्हणून सांगून राह्यले."

इतकंच. ठरवून बोललो नाही, पण तोंडातून निघालं ते तेच, आणि मी परत घेतलं नाही. मनाशी म्हटलं, नवरा-बायकोचं भांडण असेल, उद्या सकाळी सांगू. त्या दिवशी त्यांचं काम असं रंगलं की मी विंगेत उभा राहू शकलो नाही, बाहेर गाडीजवळ जाऊन बसलो. आतून त्यांचा आवाज येत होता. माई पोर कुठी हाये... सकाळी पुढचं गाव होतं. मग त्याच्या पुढचं. एकदा न सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सांगायला दुप्पट कठीण जाते, कारण आता कालचंही सांगावं लागतं. त्या भागातल्या मंडया उरकल्यावर मी म्हणालो, "वनिताचा फोन होता. तब्येत बरी नाही म्हणते." कधीचा, ते बोललो नाही. ते तसेच निघाले. वरच्या ओठावर मिशीचा डिंक तसाच होता.

ती चंद्रपूरच्या दवाखान्यात सापडली. फोन केला त्या दिवशी ती शेवटची गाडी जाईपर्यंत पिशवी घेऊन स्टँडवर बसली होती. नवऱ्याने तिला तिथेच गाठलं. पोटात मूल होतं, ते गेलं. हात मोडला होता. बापाला पाहून ती एकच वाक्य बोलली, "नाटक रंगलं ना तुमचं?" माणिकभाऊंनी ते मला जसंच्या तसं सांगितलं. त्यांना वाटलं, वाईट घरात दिल्याचा राग आहे. पुढे ती नवऱ्यापासून सुटली, चंद्रपूरला शिवणकामावर स्वतःच्या पायावर उभी राहिली. बापाला तिने टाकलं नाही. औषधं पाठवायची. पण बोलणं संपलं. तिने आधीच बोलावलं होतं हे सोयऱ्यांकडून गावात पसरलं, पण भाऊंच्या तोंडावर ते कोणी बोललं नाही. आणि माणिकभाऊंनी ते नाटक पुन्हा केलं नाही. "आवाज लागत नाई," म्हणाले. मीही आग्रह केला नाही.

म्हातारपणी त्यांना सिनेमाचं वेड लागलं. पुतण्याने मोबाईल दिला होता, त्यावर दक्षिणेकडचे हिंदीत केलेले मारधाडीचे सिनेमे. सगळे एकाच जातीचे. कोणीतरी मुलीला उचलून नेतं आणि बाप सगळं जग उलथंपालथं करतो. मी गेलो की जवळ बसवून दाखवायचे. "पाय गा मास्तर, हा बाप बसची वाट नाई पायत. ट्रकच घेऊन निंगाला." मी म्हणायचो, "एवढे लोक एकटा मारते का भाऊ?" ते हसायचे. "मारू दे ना. तुमीच नाई का माह्या हातानं सारा गाव मारला?" एकदा सिनेमा चालू असतानाच ते सहज म्हणाले, "मले याच्यात एक गोष्ट लय आवडते. फोन सिधा बापालेच येते." माझ्या हातात कपबशी होती. सांगायला त्याहून चांगली वेळ येणार नव्हती. मी चहा संपवला आणि निघालो.

आयुष्यभर अशीच नाटकं लिहिली म्हणून या धंद्यातलं एवढं मला कळतं. लोकांना सूड आवडतो असं म्हणतात, ते अर्धंच खरं. खून ही वरची फोडणी. लोकांना पाहायचं असतं ते बापाचं वेळेवर पोहोचणं. मंडपात बसलेल्या प्रत्येकाचं कोणीतरी कधीतरी वाट पाहत बसलेलं असतं, आणि आपण शेतात, कामावर, गाडीत असतो. नाटकातल्या बापाला तेवढी एक गोष्ट मिळते जी आपल्याला मिळालेली नसते. म्हणून गुंडाला दोनदा मारायला लावतात. पण त्याला मारता येतं, कारण त्याला तोंड असतं, मिशा असतात. निरोप घेऊन खिशात ठेवणारा सज्जन माणूस मी एकाही नाटकात घातला नाही. त्याच्यावर कुऱ्हाड कोण उचलणार? तो तर बापाच्या शेजारी बसून चहा पीत असतो.

कार्यक्रमानंतर काही दिवसांनी मी चंद्रपूरला वनिताकडे गेलो. एका खोलीचं घर, दारातच मशीन. तिने पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, वर लिहिलं आहे तसंच, काही मऊ न करता. तिने मशीन थांबवलं नाही. एक शिवण संपली तेव्हा विचारलं, "त्यायले मालूम होतं?"

"नाही. मरेपर्यंत नाही."

"तुमी नेहमी भेटत होता ना त्यायले?"

"हो."

तिने शिवणीचा दोरा तोडला. मग म्हणाली, "म्हंजे मी उगाच नाई बोलली त्यायच्याशी. इतके सालं."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हातानेच थांबवलं. "मले सांगून आता काय होते, काका? गाव बोलते त्यायले. त्या दिवशी माईकवर बोलले, तुमी पुढे बसून होता. लिहिता येते ना तुमाले? मंग लिवा. नावासकट लिवा."

म्हणून हे लिहिलं, आणि माझ्या नावानेच छापायला देतो आहे. झाडीपट्टीत ज्यांनी ज्यांनी ते वाक्य बोललं आणि ऐकलं, त्यांना मी सांगतो की माणिकभाऊंना निरोप मिळाला नव्हता. मिळाला असता तर मंडप, गाव, मंडळी, काहीही त्यांना थांबवू शकलं नसतं. हे मला त्या दुपारीही माहीत होतं. म्हणूनच मी तो दिला नाही.

मी निघालो. दाराबाहेर पाण्याच्या ड्रमजवळ एक निळं प्लास्टिकचं स्टूल होतं, चप्पल घालण्यासाठी मी त्यावर टेकणार तोच वनिता आतून म्हणाली, "तिथी नका बसू काका." मी उभा राहिलो. "बाबा येत, ते तिथीच बसत. मी आत या म्हटलं नाई, ते कधी आत आले नाई. गाडीची वेळ झाली का निंगून जात."

भिंतीला हात लावून मी चप्पल घातली. ती उठून बाहेर आली, पदराने स्टुलावरची धूळ पुसली, आणि ते उचलून आत, मशीनच्या शेजारी नेऊन ठेवलं.