अकरा दगडांची वाट

माझ्या वडिलांनी जॉर्डनमधल्या एका डोंगराची वाट उचलून नेली. ती माझ्याच पाठीवरच्या सॅकमध्ये होती, हे मला माथ्यावर पोचल्यावर कळलं.

मी तिथल्या वाळवंटात, पर्यटकांच्या एका तंबूंच्या कॅम्पवर स्वयंपाकी आहे. आठवीत शाळा सोडली, रत्नागिरीच्या एका खानावळीत भांडी घासायला लागलो आणि घासत घासत इथवर आलो. मालक अबू सालेम म्हणजे देवमाणूस. "वडिलांना एकदा आण," म्हणाला आणि तिकीटही त्यानेच काढलं. अशा माणसाला बोलायची वेळ येऊ नये म्हणून मी झोपेतसुद्धा घड्याळ बघतो.

बाबा आले. वय अडुसष्ट, पायात रबरी चपला. त्यांनी जन्मभर आंब्याच्या बागांना जांभ्या दगडाचे गडगे घातले. ना सिमेंट, ना चिखल, नुसता दगडावर दगड! त्यांच्या गडग्याला म्हैस अंग घासून गेली तरी तो हलत नाही. (मी आयुष्यात एकच गडगा रचला. तो शेळी शिंकली आणि पडला. मग मी स्वयंपाकाकडे वळलो.)

ते परत जायच्या आदल्या दिवशी मला सकाळची सुट्टी मिळाली. "तीन वाजता भट्टी पेटली पाहिजे," मालक म्हणाला. "बत्तीस पाहुणे आहेत." आमच्याकडे मटण वाळूतल्या खड्ड्यात, निखाऱ्यांवर पुरून शिजवतात. उशीर झाला तर बत्तीस माणसं कच्च्या बोकडासमोर जेवायला बसणार!

"चला बाबा, तो तांबडा डोंगर दाखवतो."

"वाट ठाव हाय काय तुला?"

"डोळे मिटून जाईन!"

खरं म्हणजे मी एकदाच गेलो होतो. त्या डोंगरात घळींचं नुसतं जाळं आहे; एका घळीतून तीन फुटतात. खूण म्हणून जागोजागी तीन-चार दगड एकावर एक ठेवलेले असतात. ते बघत जायचं, एवढीच माझी विद्या. हे मी बाबांना सांगितलं नाही. बापासमोर भाव खायची संधी आयुष्यात पहिल्यांदाच आली होती!

मी पुढे, बाबा मागे. भिंती इतक्या जवळ की दोन्ही खांदे घासत होते, आणि त्यांच्यावर फणसपोळी रचून ठेवावी तसे तांबडे-पिवळे थर. बाबा प्रत्येक थरावरून हात फिरवत होते. "जांभ्याचा मावसभाऊ दिसतोय!"

अर्ध्या वाटेवर माझा दम उखडला. खांदे ओढायला लागले. मी भिंतीला हात टेकून थांबायचो आणि बाबा म्हणायचे, "थांब, तुझी चेन उघडी हाय," आणि सॅकची चेन लावायचे. प्रत्येक थांब्यावर! मला वाटलं, किती ही काळजी!

"बाबा, छातीत कसंतरी होतंय."

"खा अजून मटण!"

शेवटच्या तिरक्या कातळावर मी चार पायांवर आलो. बाबा माझ्या बाजूने, चपलांत, ताठ चालत गेले. "वाकू नको मेल्या. पायावर भरवसा ठेव."

माथ्यावरून खाली लाल वाळूचा समुद्र आणि त्यात उभे तांबडे डोंगर. बाबांनी चौफेर नजर फिरवली आणि म्हणाले, "काय रचलंय देवानं! एक फट नाय."

मी पाण्यासाठी सॅक उघडली. बाटली चेपून गेली होती. तिच्यावर अकरा चपटे दगड!

"बाबा, हे काय?"

"घरच्या गडग्याच्या फटींत घालायला. लोक परदेशातनं सेंट आणतात, मी दगड नेतोय."

"आणले कुठून?"

"वाटेत पोरांनी खेळून ठेवलेले. काय ते रचणं! कुणाच्या पायावर पडले असते. चांगले घेतले, बाकीचे बाजूला सारले."

"बाबा, तीच वाट होती!"

"मग आधी नाय बोललास? डोळे मिटून येणार होतास ना?"

साडेबारा वाजले होते. मला बत्तीस उपाशी पाहुणे दिसायला लागले, मालक दिसायला लागला, परतीचं विमान दिसायला लागलं (त्यात बाबांच्या शेजारी मी!). बाबांनी शांतपणे एक दगड उचलला. "ह्यात पांढरी शीर हाय. हा त्या उंटाच्या मानेसारख्या कपारीखालचा. चल."

"कशावरून?"

"तुकडा बघून तुला मांडी का बरगडी कळते ना? तसंच."

आणि खरोखर, कपार आली! मग दुसरा दगड, तिसरा दगड. बाबा एकदाही चुकले नाहीत. पण दगड नुसता ठेवतील तर शपथ! बाजूला सारलेले शोधायचे, बूड बसवायचं, हलवून बघायचं.

"बाबा, दोन वाजले! ठेवा कसाही!"

"कसाही ठेवलेला पडतो. शेळी इसरलास?"

एका फाट्यावर मी घाईघाईने डावीकडे घुसलो. "जा तू," मागून आवाज आला, "हा दगड उजवीकडचा हाय." दहा पावलांवर माझी घळ संपली आणि खाली तीन माणूस खोल खड्डा होता. मी उजवीकडचा झालो.

कॅम्पवर पोचलो तेव्हा पावणेचार. मालक थंड भट्टीपाशी उभा होता. मी सगळं कबूल केलं. तो सरळ लाकडं सारायला लागला. पाहुणे तासभर उशिरा जेवले.

सकाळी मालक पाहुण्यांना घेऊन त्याच डोंगरावर गेला. मी बाबांच्या बॅगेशेजारी माझीही भरावी का, या विचारात. दुपारी तो आला, थेट बाबांसमोर उभा राहिला आणि त्यांचे दोन्ही हात धरले. "मी त्या दगडांना लाथ मारून बघितली," मला म्हणाला, "एक हलला नाही! सांग त्यांना." आणि खिशातून एक चपटा तांबडा दगड काढून त्याने बाबांच्या हातावर ठेवला. डोळे भरून आले माझे.

तो दगड आता आमच्या गडग्यात बसला आहे. दगडाची हकीकत मात्र बाबांनी गावात कुणाला सांगितली नाही. सांगितली ती माझ्या दमाची! फोन केला की आधी आई, मग शेजारचे भाऊकाका: "काय रे, चढ चढवत नाय म्हणे तुला?"

"हो काका, वय झालं," मी म्हणतो.

काय करणार? नाहीतर सांगावं लागेल की पाठीवर अकरा दगड चढत गेले, आणि प्रत्येक वेळी मी बाबांना थँक्यू म्हणालो!